गाडीत गेलेला फ्लेमिंगो

नवी मुंबईतल्या एका नोडमध्ये, म्हणजे वसाहतीत, मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या कलाशिक्षिकेचं पत्र आहे. नाव, शाळा आणि सेक्टर त्यांच्या विनंतीवरून गाळलं आहे. गोषवारा असा: जानेवारीत त्यांनी नववीच्या अठ्ठावीस मुलांना घेऊन शाळेजवळच्या महापालिकेच्या उद्यानात एक शिल्प करायला घेतलं. नियम एकच, सगळं सामान झाडांखाली पडलेलं असावं. आठ फुटी फ्लेमिंगो. अंग नारळाच्या झावळ्यांचं, मान गुलमोहराच्या फांद्यांची, पिसं जंगली बदामाच्या लाल पानांची. पाय उभे राहीनात म्हणून बाईंनी आतून लोखंडी सळया घातल्या. आराखडा त्यांनीच आलेख कागदावर काढून दिला होता. उद्यानाच्या मुकादमांनी तोंडी ‘करा की’ म्हटलं होतं. तीन शनिवार खपले. पानं दर आठवड्याला तपकिरी पडायची, ती बदलण्यात ‘फार वेळ वाया गेला’. चौथ्या सोमवारी सकाळी ठेकेदाराच्या सफाई कामगारांनी तो फ्लेमिंगो हरित कचरा समजून गाडीत भरला. शाळेत येणाऱ्या दोन मुलांनी ते पाहिलं आणि गाडीमागे धावली. गाडीवरच्या कामगाराने गाठी सोडवून काथ्याची दोरी तेवढी परत दिली, म्हणाला, ‘ही घ्या, चांगली आहे.’ वर्गात काही मुली रडल्या. मुख्याध्यापिकाबाई म्हणतात, पुढच्या वेळी फायबरचा करू, एक माजी नगरसेवक खर्च द्यायला तयार आहेत, खाली शाळेचं नाव येईल. काही पालक म्हणतात, पुढच्या वर्षी दहावी आहे आणि तुम्ही पोरांना काटक्या वेचायला लावता. पत्रलेखिका विचारतात: ‘फायबरला हो म्हणू, की हा नाद सोडून देऊ? आणि यात शिक्षण आहे हे पटवू कसं?’

बाई,

तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा मला हसू आलं, ते आधी कबूल करते. गाडीच्या फाळक्यावरून बाहेर लोंबणारी फ्लेमिंगोची मान डोळ्यांसमोर आली. मग तुमच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं आणि हसू गेलं. तीन शनिवार म्हणजे काय ते मला माहीत आहे. सकाळची शाळा सुटल्यावर पोटात काही नसताना अठ्ठावीस पोरांना रस्ता ओलांडून न्यायचं, कुणाच्या हाताला कुसळ, कुणाची बाटली विसरलेली, कुणाच्या आईचा फोन. मी ठाण्यात पंचवीसेक वर्षं हेच केलं आहे.

तरीही तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देण्याआधी मला पत्रातल्या दोन-तीन गोष्टींवर अडायचं आहे, कारण तुम्ही ज्याला संकट म्हणता ते मला तिथे दिसत नाही. दुसरीकडे दिसतं.

सुरुवात त्या सफाई कामगारांपासून. तुम्ही लिहिलंय, ‘त्यांनी आमचं शिल्प नष्ट केलं.’ बाई, त्यांनी सोमवारचं काम केलं. सुकलेल्या झावळ्या, मोडक्या फांद्या, तपकिरी पानं, सगळं एका ढिगात. हे कचरा नाही हे त्यांना कुणी सांगितलं होतं? मुकादमांनी हो म्हटलं, पण मुकादम उद्यान विभागाचे, गाडी ठेकेदाराची, आणि सोमवारी गाडीवर कोण असेल ते मुकादमांनाही सांगता येत नाही. सार्वजनिक बागेत परवानगी मिळणं वेगळं आणि बागेला आपली ओळख असणं वेगळं. परवानगी कागदावर एका सहीने मिळते. ओळख मात्र माळ्यापासून, पहाटे कुलूप उघडणाऱ्या रखवालदारापासून, झाडू मारणाऱ्या मावशींपासून, हास्यक्लबच्या काकांपासून आणि दुपारी बाकावर झोपणाऱ्या रिक्षावाल्यापासून मिळवावी लागते. तुमच्या मुलांनी तीन शनिवार त्या बागेत काढले. त्यातल्या एकाला तरी माळ्याचं नाव माहीत आहे का?

म्हणून पुढच्या खेपेला पहिला शनिवार काहीही न बांधता घालवा. मुलांना दोघादोघांनी बागेत फिरू द्या. कोण कुठे बसतं, लहान मुलं कुठून धावतात, पाणी कुठे साचतं, पाईपचा नळ कुठे आहे, माळी पाला कुठे रचतो, गाडी कधी येते, हे सगळं वहीत. मग उद्यान विभागाला रीतसर पत्र: जागा कोणती, आकार केवढा, सामान काय, सुरुवात कधी, आणि उतरवणार कोण व कोणत्या तारखेला. या शेवटच्या ओळीनेच अर्धं काम होतं असा माझा अनुभव आहे. अधिकाऱ्याला तुमच्या कलेची भीती नसते. ती वस्तू कायमची आपल्या गळ्यात पडेल याची असते. पत्राची एक प्रत मुकादमांकडे, एक ठेकेदाराच्या माणसाकडे. आणि शिल्पाशेजारी पुठ्ठ्याची पाटी, मुलांच्या अक्षरात, मराठीत आणि हिंदीत: हे आम्ही केलंय, अमुक तारखेला आम्हीच उतरवणार आहोत, तोवर राहू द्या.

पाटीवरची ती तारीख गमतीची चीज असते. एका हिवाळ्यात आम्ही बागेच्या कोपऱ्यात झावळ्यांचं खोपटं केलं होतं, मुलं वाकून आत शिरतील एवढं. तारीख लिहिली होती पंधरा दिवसांनंतरची. दहाव्या दिवशी बागेतल्या भटक्या कुत्रीने त्यात पिल्लं घातली. आम्ही उतरवायला गेलो तर पाटीवरची तारीख कुणीतरी खोडून खडूने तीन आठवडे पुढची घातली होती. रखवालदाराचं अक्षर. आम्हाला विचारलंसुद्धा नव्हतं! तेव्हा मला कळलं की खोपटं आता आमचं राहिलेलं नाही.

आता फायबर. मुख्याध्यापिकाबाईंवर मी रागावणार नाही. शाळेच्या नावाची पाटी त्यांना हवी आहे, पटसंख्या टिकवायची आहे, मराठी शाळांचे दिवस कसे आहेत ते आपल्याला ठाऊक आहे. पण फायबरचा फ्लेमिंगो कारखान्यातून येईल. साचा त्यांचा, रंग त्यांचा, टेम्पो त्यांचा. मुलं रांगेत उभी राहून फोटो काढतील आणि मधल्या सुट्टीच्या आत परत येतील. नवी मुंबईत फ्लेमिंगोंच्या चित्रांची आणि पुतळ्यांची काही टंचाई नाही, भिंती बघाव्या तिकडे गुलाबी आहेत. खरे फ्लेमिंगो ठाणे खाडीत उतरतात, ती खाडी २०१५ साली अभयारण्य झाली आणि २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत आली. त्यांना बघायला मुलांना भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून नेलंत, चिखल उघडा पडल्यावर ते मान उलटी करून कसे खातात ते दाखवलंत, तर नगरसेवकांच्या पैशातून बसभाडं निघेल. खर्च द्यायचाच असेल तर त्यांना तोच मार्ग सुचवा. पाटी बसला लावा म्हणावं.

टिकणं म्हणजे मोल, हे जे तुमच्या आणि मुख्याध्यापिकाबाईंच्या दोघींच्या मनात आहे, त्याकडे जरा थांबून पाहू. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाचे पॅट्रिक डोहर्टी नावाचे शिल्पकार आहेत. कोवळ्या झाडांच्या ओल्या काठ्या एकमेकींत विणून ते घरांएवढी शिल्पं उभारतात, वनस्पती उद्यानांत, विद्यापीठांच्या आवारात. एका शिल्पाला साधारण तीन आठवडे लागतात आणि काठ्या वाकवायला, खोचायला गावातले लोक, विद्यार्थी, निवृत्त मंडळी असतात. अशी तीनशेहून जास्त शिल्पं त्यांनी केली आहेत. प्रत्येक शिल्प साधारण दोन वर्षं राहतं, मग काठ्या कुजायला लागल्या की उतरवलं जातं. ब्रिटनचे अँडी गोल्ड्सवर्दी तर पानं काट्यांनी टाचून, बर्फाचे तुकडे एकमेकांना चिकटवून असं काम करतात की काही कामं संध्याकाळपर्यंतसुद्धा राहत नाहीत. फोटो तेवढा उरतो.

पण हे परदेशी दाखले तुम्हाला कशाला हवेत? तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी भाद्रपदात तेरड्याची गौर येत असेल. ओढ्याकाठची रोपटी मुळासकट आणायची, जुडी बांधायची, मुखवटा आणि साडी चढवायची, तीन दिवसांनी पाण्यात सोडायची. दिवाळीचा किल्ला तर मुलांनी स्वतःच केलेला असतो: दगड, गोणपाट, चिखल, वर अळीव पेरलेलं. तुळशीचं लग्न होईतो अळीव पिवळं पडतं, बुरूज खचतो, आणि कुठलंही पोर त्यासाठी रडत बसत नाही. मग फ्लेमिंगोसाठी मुली का रडल्या? मला वाटतं, किल्ला त्यांचा असतो. फ्लेमिंगो तुमचा होता.

रागावू नका. पण पत्रात तुम्ही किती सहज लिहून गेलात, आराखडा मी आलेख कागदावर काढून दिला होता. म्हणजे सगळं ठरलेलं होतं. मुलांच्या वाट्याला राहिलं वेचणं, धरणं आणि बांधणं. पालक ‘काटक्या वेचायला लावता’ म्हणतात ते तुम्हाला लागलं, कारण त्यात थोडं तथ्य आहे. आणि गुलमोहराच्या फांद्या? गुलमोहराचं लाकूड ठिसूळ. त्याची मान वाकवताना किती वेळा कट्‌कन मोडली असेल, ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला ऐकू येतंय. सुक्या काटक्यांना आठ फूट उंच, दोन बारीक पायांवरचा, वर जड असलेला पक्षी व्हायचंच नव्हतं. त्यांनी तुम्हाला ते स्पष्ट सांगितलं, पाय उभे राहिले नाहीत. तुम्ही आत सळई घातलीत.

त्या सळईबद्दल कडक बोलते, कारण हे इतर शिक्षकही वाचतील. सार्वजनिक बागेत आठ फुटी वस्तू, आतून लोखंड, वरचा भार सुतळी-काथ्यावर, आणि संध्याकाळी तीन वर्षांचं पोर त्याच्या पायाला लटकणार. लटकणारच. बागेत जे उभं असतं त्यावर चढायचं असतं अशी लहान मुलांची समजूत आहे आणि ती बरोबर आहे. तुमचा फ्लेमिंगो गाडीत गेला, कुणाच्या अंगावर गेला नाही. नियम सोपा ठेवा: शिल्पाची उंची तुमच्या सर्वांत बुटक्या मुलाच्या खांद्यापर्यंत. आत शिरता येईल असं काही केलंत तर स्वतः, मोठ्या माणसाने, पूर्ण भार टाकून ओढून पाहायचं, आणि मगच शनिवारची संध्याकाळ तिथे सोडून घरी जायचं.

मग काय करायचं? आधी आकार ठरवू नका. काडीला विचारा. हे वाक्य जरा अध्यात्मिक वाटेल, पण फार व्यवहारी आहे. पहिल्या बांधणीच्या दिवशी मुलांच्या चार-पाच टोळ्या करा आणि प्रत्येक टोळीला एकच सामान द्या. कुणाला छाटलेल्या सुबाभळीच्या ओल्या फांद्या, कुणाला नारळाच्या झावळ्या, कुणाला बांबूच्या कामट्या, कुणाला शेंगा आणि पानं. काम एवढंच: या सामानाला काय जमतं आणि काय जमत नाही ते शोधा. सुबाभळीची ओली फांदी करंगळीएवढी असली की गोल वाकते, अंगठ्याएवढी झाली की हळू वाकते, आणि चार दिवसांनी सुकली की अजिबात ऐकत नाही. म्हणजे ती आणली त्याच दिवशी वापरायची, आणि वाकलेल्या आकारातच सुकू द्यायची, मग ती तशीच राहते. झावळी नुसती टेकवली तर घसरते, पण मधला दांडा उभा चिरून पात्या एकीखाली एक विणल्या की झाप होतो आणि झाप उभा राहतो. झाप विणायला तुम्हाला येत नसेल तर लाजू नका, मलाही नीट येत नाही. तुमच्या वर्गात गावठाणातली मुलं असतील. त्यांच्या आज्यांपैकी एकीला शनिवारी बागेत आणून बसवा, तासाभरात सगळे विणायला लागतील. बांबूची कामटी ओली असताना कमान होते. जाड बांबू हवा असेल तर मांडववाल्याकडून दिवसाच्या भाड्यावर आणा. बांबूला भुंगा लागतो म्हणून लोक घाबरवतील, पण महिन्याने उतरवायचं असेल तर भुंग्याची चिंता मांडववाल्याने करावी, तुम्ही नव्हे. तारीख ठरवल्याचा हा आणखी एक फायदा.

टोळ्यांनी हे शोधलं की एकमेकांना दाखवू द्या. एक टोळी म्हणेल, आमचं सामान वाकतं पण उभं राहत नाही. दुसरी म्हणेल, आमचं उभं राहतं पण वाकत नाही. तिथून जे निघेल ते शिल्प. कदाचित बोगदा निघेल, कदाचित मोठी टोपली, कदाचित नुसती एक लाट. फ्लेमिंगो निघणार नाही बहुतेक. निघाला तर तो बसलेला निघेल.

तुमचं ‘वेळ वाया गेला’ हे मला सगळ्यांत जास्त खटकलं, कारण खरा धडा तिथेच होता आणि तुम्ही त्याला कटकट समजलात. बदामाचं पान जानेवारी-फेब्रुवारीत लाल होऊन गळतं, आणि आठवड्याच्या आत तपकिरी होतं. मुलांना विचारा, कुठलं किती दिवसांत? सावलीतलं आणि उन्हातलं वेगळं का? शिरेपासून सुरू होतं की कडेपासून? पाण्यात ठेवलं तर? वडाचं पिवळं पान किती टिकतं, आंब्याचं किती? अठ्ठावीस मुलं, अठ्ठावीस पानं, रोज मधल्या सुट्टीत एक नोंद आणि एक छोटं रंगचित्र. दोन आठवड्यांत तुमच्याकडे तपकिरी रंगाच्या एवढ्या छटा जमतील की पोस्टर रंगाच्या डबीतला तपकिरी पुन्हा कुणी जसाच्या तसा वापरणार नाही. मी हे एका सातवीच्या वर्गाबरोबर केलं होतं. एका मुलीने रंगांना नावं दिली होती, त्यातलं ‘चहा सांडलेलं’ अजून माझ्या लक्षात आहे.

पालकांचं म्हणाल तर त्यांच्याशी खोटं बोलू नका. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात, ते पालकांना कळतं. या कामाला असे गुण नाहीत आणि ते कबूल करण्यात कमीपणा नाही. नववीच्या मुलांचे शनिवार महाग असतात हेही खरंच. त्यांच्याशी भांडण्यापेक्षा वर्ग बदला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना, हाताच्या कामासाठी, कारागिरांबरोबर घालवायची शिफारस आहे. तुमची सातवी त्यात बरोबर बसते. मुख्याध्यापिकाबाईंना हे सांगा, त्यांना वरच्या कार्यालयाला दाखवायला काहीतरी मिळेल. नववीच्या ज्या मुलांना मनापासून यायचं असेल त्यांना येऊ द्या, सातवीच्या टोळ्यांचे दादा-ताई म्हणून. त्यांच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा गतीच्या नियमांचा आहे, बल संतुलित आणि असंतुलित. तुमचे फ्लेमिंगोचे पाय हा त्या धड्याचा उत्तम नमुना होता, विज्ञानाच्या सरांना आधी बोलावलं असतंत तर सळई वाचली असती.

आणि ‘पटवू कसं’ याचं उत्तर फोटोत नाही. पूर्ण झालेल्या शिल्पाचा फोटो सगळ्यांत कमी पटवतो, कारण पालकाला तो खरंच काटक्यांचा ढीग दिसतो. वह्या दाखवा. पडलेल्या पहिल्या प्रयत्नाचं चित्र, खाली मुलाच्या शब्दांत ‘का पडलं’, मग दुसरा प्रयत्न. त्यात मुलगा विचार करताना दिसतो.

काही बारीकसारीक, पण महत्त्वाचं. जिवंत झाडाची फांदी तोडायची नाही. नागरी क्षेत्रात झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे आणि वृक्ष प्राधिकरण आहे, आणि तसंही बागेतल्या झाडावर कोयता उगारणाऱ्या बाईंचा धडा मुलं काय घेतील? पावसाळ्यापूर्वी महापालिका धोक्याच्या फांद्या छाटते तेव्हा ढीग पडतात, पण शाळेला सुट्टी असते. वर्षभर अधूनमधून छाटणी चालूच असते, माळ्याशी ओळख असली की तो निरोप पाठवतो. ठाण्याच्या वाचकांसाठी वेगळं सांगते: येऊरला जाऊन कारवीच्या काड्या आणायचा मोह होईल. कारवीचा कूड, म्हणजे काड्यांची भिंत आणि वर शेणमातीचा लेप, ही आपल्या जिल्ह्यातली सुंदर कारागिरी आहे, वारली घरांच्या भिंती तशाच असायच्या. पण येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथून काडीही उचलायची नाही. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे आणि इंग्लंडचे शिल्पकार रिचर्ड लाँग यांचं २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फला एकत्र प्रदर्शन झालं होतं. एकाचं काम त्या शेणमातीच्या रंगाच्या पृष्ठभागावर तांदळाच्या पांढऱ्या रंगाचं, दुसऱ्याचं चालून, दगड मांडून जमिनीवर उमटवलेलं. हे मुलांना जरूर सांगा, पण येऊरच्या काडीला हात न लावता.

खिळे, तार, नायलॉनची दोरी, प्लास्टिकच्या रिबिनी, ऑइल पेंट यातलं काहीही नको. पक्ष्यांचे पाय नायलॉनमध्ये अडकतात. काथ्या आणि सुतळी पुरते. पाल्याचा ढीग उचलण्याआधी लांब काठीने हलवायचा, त्यात साप विसावलेला असू शकतो. कण्हेर आणि रुई मुलांच्या हाती द्यायची नाही, आणि मखमली लव असलेली तपकिरी शेंग दिसली तर ती खाजकुयली आहे, तिला कुणीही हात लावायचा नाही, मुलगे तर नक्की लावतात. कोयता फक्त माळ्याच्या हातात. आणि बांधायला सुरुवात करण्याआधी वर बघा! एका मे महिन्याच्या शिबिरात मी मुलांकडून मोठं घरटं बांधून घेत होते, पर्जन्यवृक्षाच्या मस्त सावलीत. त्याच झाडावर कावळ्यांचं खरं घरटं होतं, पिल्लांसकट. आम्ही दोन तास डोक्यावर घमेली घेऊन काम केलं आणि तिसऱ्या तासाला मुकाट्याने जागा बदलली.

उद्यान विभागाने नाहीच म्हटलं तर? शाळेच्या आवाराचा कोपरा आहेच, सोसायटीचं मैदान आहे. पण मी दुसऱ्यांदा विचारायला जाईन, कारण शाळेच्या आत केलेल्या वस्तूला फक्त कौतुक मिळतं. बागेत एखादी आजी येऊन म्हणते, ‘हे काय आहे गं?’ आणि सातवीतल्या मुलीला अनोळखी माणसासमोर, चार वाक्यांत, स्वतःचं काम समजावून सांगावं लागतं. हे तिला वर्गात कोण विचारणार?

चंदीगडच्या नेकचंदांचं रॉक गार्डन मुख्याध्यापिकाबाईंनी पाहिलं असेल, टिकाऊपणाच्या बाजूने त्या ते नक्की काढतील. काढू द्या. मग एवढंच सांगा की तो सार्वजनिक बांधकाम खात्यातला रस्ते निरीक्षक होता, १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून सरकारी जमिनीवर, कुणालाही न सांगता, फुटक्या बांगड्या आणि मोडक्या चिनीमातीतून एकेक मूर्ती स्वतःच्या हाताने करत राहिला. लोकांसाठी ते खुलं झालं १९७६ साली. फायबरची ऑर्डर त्याने दिली नव्हती. आणि तुमच्या मुलांतलं कुणी वीस वर्षं असं काही करत राहिलं तर मी पाटीला पहिली वर्गणी देईन.

म्हणजे माझं मत: फायबरला नाही म्हणा, पण मुख्याध्यापिकाबाईंना रिकाम्या हाताने परत पाठवू नका. त्यांना पत्र द्या, तारखा द्या, सातवीचा वर्ग द्या, बसची कल्पना द्या. नाद सोडायचा प्रश्न मी गंभीरपणे घेतलेलाच नाही. सोडणाऱ्या माणसाने एवढं लांबलचक पत्र लिहिलं नसतं.

एक काम मात्र यातल्या सगळ्यांच्या आधी. तो दोरी परत देणारा कामगार शोधून काढा, सोमवारी सकाळी गाडी येते तेव्हा फाटकाशी उभं राहिलात की सापडेल. त्याचं नाव विचारा. नव्या कामाच्या पहिल्या दिवशी त्याला दहा मिनिटं येता येईल का बघा, मुकादमांना सांगून, त्याचा रोज न बुडवता. मुलांनी बांधलेल्या गाठी आजवर त्या एकाच माणसाने सोडवल्या आहेत. कुठल्या पटकन सुटल्या आणि कुठली दातांनी सोडवावी लागली, ते त्याला विचारा.